ब्लू-रे डिस्क चालते कशी: दशांश मिलिमीटरच्या थरापासून पडद्यापर्यंत

जुनी सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे अशा तिन्ही चकत्या हाताशी असतील, तर पुढचं वाचण्याआधी दोन मिनिटांचा एक प्रयोग करा. चकती चकाकती बाजू वर करून टेबलावर ठेवा. जाडसर कागदाचं टोक तिच्या पृष्ठभागाला हलकेच टेकवा आणि डोळा जवळ आणून बाजूने बघा. खाली कागदाचं प्रतिबिंब दिसेल. सीडीवर खरं टोक आणि प्रतिबिंबाचं टोक यांच्यात चांगली ठळक फट दिसते. डीव्हीडीवर ती निम्मी होते. ब्लू-रेवर मात्र दोन्ही टोकं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली दिसतात.

ही फट म्हणजे पृष्ठभाग आणि माहितीचा थर यांच्यामधलं पारदर्शक प्लास्टिक. सीडीत ते १.२ मिमी, डीव्हीडीत ०.६ मिमी आणि ब्लू-रेत फक्त ०.१ मिमी जाडीचं असतं. माझं म्हणणं असं, की ब्लू-रेबद्दलच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या ०.१ मध्ये आहेत. क्षमता इतकी वाढली कशी, तिची प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी वेगळी का निघाली, चकती पुसायची कशी, पॉलिश का करायची नाही, सगळं तिथूनच निघतं. म्हणून त्याच वाटेने जाऊ.

पहिली पायरी: प्रकाशाचा ठिपका किती लहान होतो

चकतीवर माहिती एका सर्पिल मागावर, म्हणजे ट्रॅकवर, लिहिलेली असते. मागावर सूक्ष्म खाचा आणि त्यांच्यामध्ये सपाट जागा. लेझरचा किरण भिंगातून त्या मागावर एका ठिपक्यात एकवटतो आणि परत आलेला प्रकाश मोजला जातो. ठिपका जितका लहान, तितक्या खाचा लहान करता येतात आणि माग जवळजवळ आणता येतात.

ठिपक्याचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी आणि भिंग किरणांना किती रुंद कोनातून एकवटतं ते. या दुसऱ्या आकड्याला न्यूमरिकल अपर्चर म्हणतात, इथे नुसतं अपर्चर म्हणू. तरंगलांबीला अपर्चरने भागलं की ठिपक्याचं माप कळतं.

डीव्हीडीत लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, अपर्चर ०.६०. भागाकार १०८३. ब्लू-रेत लेझर ४०५ नॅनोमीटरचा, अपर्चर ०.८५. भागाकार ४७६. म्हणजे ठिपक्याचा व्यास सुमारे २.२७ पटीने घटला. माहिती क्षेत्रफळावर मावते, म्हणून याचा वर्ग करायचा: ५.१७. आता डीव्हीडीच्या एका थराच्या ४.७ जीबीला ५.१७ ने गुणा. उत्तर येतं २४.३. ब्लू-रेच्या एका थराची छापील क्षमता आहे २५ जीबी! कागदावरचा साधा हिशेब इतका जुळतो, की पहिल्यांदा केला तेव्हा मी तो पुन्हा करून पाहिला होता.

(हाच हिशेब सीडीवरून डीव्हीडीवर जाताना जुळत नाही, उत्तर बरंच कमी येतं. तिथे माग ठिपक्याच्या मानाने जास्त दाटीने बसवले आणि बिट मांडण्याची नि चुका दुरुस्त करण्याची पद्धतही सुधारली, त्यामुळे उरलेली वाढ मिळाली.)

प्रत्यक्षात दोन मागांमधलं अंतर डीव्हीडीत ०.७४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतं, ते ब्लू-रेत ०.३२ झालं. सर्वांत आखूड खाच ०.४० वरून ०.१४९ मायक्रॉनवर आली. एका थरावरचा माग उलगडून सरळ केला तर सुमारे २७ किलोमीटर भरेल.

४०५ नॅनोमीटरचा रंग खरं तर निळा नाही, जांभळा आहे. पण नाव निळ्याचं पडलं. हा लेझर गॅलियम नायट्राइडपासून बनतो. शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात या पदार्थापासून आधी निळे एलईडी आणि मग लेझर घडवले. निळ्या एलईडीच्या कामासाठी त्यांना इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासोबत २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा पदार्थ वश झाला नसता तर लाल लेझरवरच भागवावं लागलं असतं.

दुसरी पायरी: थर पातळ का करावा लागला

अपर्चर ०.८५ पर्यंत वाढवलं, की एक नवी पीडा मागे लागते. फिरणारी चकती कधीच पूर्ण सपाट नसते, थोडी कललेली असते. तिरक्या प्लास्टिकमधून जाताना किरण विस्कटतो आणि ठिपक्याला धूमकेतूसारखं शेपूट फुटतं. हा दोष प्लास्टिकच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो, पण अपर्चरच्या मात्र घनाच्या प्रमाणात, आणि तरंगलांबी घटली की आणखी वाढतो.

आकडे घालून बघा. ०.८५ चं भिंग आणि ४०५ चा लेझर ठेवून प्लास्टिक डीव्हीडीसारखंच ०.६ मिमी ठेवलं, तर कलण्याचा त्रास डीव्हीडीच्या साडेचार पट होतो. अशी चकती वाचताच येणार नाही. जाडी सहाव्या हिश्शावर, म्हणजे ०.१ मिमीवर आणली की तोच त्रास डीव्हीडीपेक्षाही थोडा कमी होतो. म्हणून तो पातळ थर. चकतीची एकूण जाडी १.२ मिमीच आहे, कारण ती पकडायला आणि फिरवायला तेवढी लागते. उरलेली १.१ मिमी लेबलाच्या बाजूला गेली.

एचडी डीव्हीडीने दुसरी वाट धरली. लेझर तोच ४०५ चा, पण थर ०.६ मिमीच ठेवला, कारण मग डीव्हीडीचे कारखाने फार न बदलता वापरता येत होते. मग अपर्चर ०.६५ च्या पुढे नेता आलं नाही. वरचाच हिशेब केला तर १४ च्या आसपास आकडा येतो. प्रत्यक्षात एका थरात १५ जीबी, दोन थरांत ३० जीबी. तोशिबा आणि एनईसी एका बाजूला, सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरे दुसऱ्या बाजूला. सोनीने २००६ च्या अखेरीस बाजारात आणलेल्या प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रे ड्राइव्ह घातला आणि गेम खेळणाऱ्यांच्या घरी प्लेअर आपोआप पोचला. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या चित्रपट स्टुडिओने फक्त ब्लू-रेसोबत जायचं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. ब्लू-रे जास्त चांगली होती म्हणून जिंकली असं म्हणणारे भेटतात. जागा तिच्यात जास्त होती हे खरं, पण निकाल लावला तो स्टुडिओंनी.

तिसरी पायरी: ट्रे आत गेल्यावर काय काय घडतं

ट्रे बंद झाल्यापासून चित्र येईपर्यंतच्या त्या वैतागवाण्या सेकंदांत प्लेअर बरंच काही करत असतो.

आधी त्याला कळायला हवं, की आत आलंय काय. त्यासाठी बहुतेक ड्राइव्ह भिंग हळूहळू चकतीकडे सरकवतात. किरण पृष्ठभागावर एकवटला की परावर्तनाचा एक छोटा झटका मिळतो, माहितीच्या थरावर एकवटला की दुसरा, मोठा. दोन झटक्यांमधलं अंतर म्हणजे प्लास्टिकची जाडी. कागदाचं टोक टेकवून तुम्ही जे पाहिलंत, तेच ड्राइव्ह करतो.

मग फोकस धरून ठेवायचा. ब्लू-रेत फोकसची सूट अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते, आणि चकती तर फिरताना केसाच्या जाडीहून जास्त वरखाली डुलते. म्हणून परतलेला प्रकाश चार भागांच्या एका सेन्सरवर पाडतात. फोकस बरोबर असेल तर तिथे गोल ठिपका, भिंग जवळ गेलं तर एका तिरक्या दिशेने लंबगोल, लांब गेलं तर दुसऱ्या तिरक्या दिशेने. समोरासमोरच्या भागांची बेरीज करून त्या दोन बेरजांची वजाबाकी केली की भिंग कुठे हलवायचं ते कळतं. एक बारीकशी कॉइल भिंगाला क्षणोक्षणी वरखाली ओढत राहते. मागावर राहण्यासाठी असाच दुसरा फेरा चालू असतो.

दोन थरांच्या चकतीत एक थर १०० मायक्रॉन खोल आणि दुसरा ७५. हा २५ मायक्रॉनचा फरकही इतक्या रुंद अपर्चरला सोसत नाही, म्हणून थर बदलला की भिंगांची आतली जुळवणी नव्याने करावी लागते.

१एक्स, म्हणजे मूळ वेगाला चकतीचा माग भिंगाखालून सेकंदाला ४.९२ मीटर सरकतो. वाचन आतून बाहेर होतं आणि सरकण्याचा वेग कायम ठेवायचा असतो, त्यामुळे आतल्या कडेला मिनिटाला सुमारे १९५० फेऱ्या होतात आणि बाहेरच्या कडेला ८१०. दुसरा थर बाहेरून आत वाचला जातो, म्हणजे भिंगाला परत आत धावावं लागत नाही.

चौथी पायरी: खाचांचे बिट, बिटांची माहिती

खाच म्हणजे १ आणि सपाट जागा म्हणजे ०, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. १ म्हणजे बदल, खाच सुरू होते किंवा संपते ती जागा. मधली लांबी म्हणजे किती शून्यं गेली ते. दर दोन बिटांसाठी चकतीवर तीन बिट अशा रीतीने मांडतात, की फार आखूड किंवा फार लांब खाच कधी येऊच नये. सर्वांत आखूड खाच ठिपक्यापेक्षा बरीच लहान असल्यामुळे सिग्नल स्वच्छ येत नाही, शेजारच्या खाचा एकमेकींत मिसळतात. म्हणून एकेक बिट सुटा न वाचता, आलेल्या लाटेशी सर्वांत जास्त जुळणारी मालिका कोणती असेल, ते सर्किट शोधतं. आपण कुणाचं गिचमिड अक्षर वाचतो तेव्हा अक्षरं न ओळखता शब्द ओळखतो, तसंच.

एवढं करूनही चुका होतात. त्या धरूनच चकतीची आखणी आहे. माहिती ६४ केबीच्या गठ्ठ्यांत बांधली जाते. प्रत्येक गठ्ठ्यात ३०४ ओळी, प्रत्येक ओळीत २१६ बाइट माहितीचे आणि ३२ बाइट दुरुस्तीचे. ओळीत कुठेही १६ बाइट बिघडले तरी ते ओळखून दुरुस्त करता येतात. बिघाड नेमका कुठे आहे हे आधी कळलं, तर ३२ पर्यंत. ते कळावं म्हणून गठ्ठ्यात मधूनमधून आणखी भक्कम सांकेतिक बाइट पेरलेले असतात. ओळीने दोन खुंट्या उखडलेल्या दिसल्या की मधलं कुंपणही गेलं असं धरायचं, इतकी साधी युक्ती.

या ओळी मागावर एकामागोमाग लिहीत नाहीत, एकमेकींत विणून पसरवतात. असा एक गठ्ठा मागाची सुमारे ७ सेंटिमीटर लांबी व्यापतो. त्यात मागाला आडवा गेलेला ओरखडा म्हणजे प्रत्येक ओळीचे फार तर एक-दोन बाइट. पण मागाच्या दिशेने, म्हणजे गोलाकार गेलेला ओरखडा सेंटिमीटरभर लांब असला, तर दुरुस्तीची सगळी ताकद तिथेच संपते. डिस्क मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल पुसू नका, या सल्ल्याचं कारण हेच.

पाचवी पायरी: चित्र आणि आवाज

१९२० गुणिले १०८० चं, सेकंदाला २४ फ्रेमचं चित्र न दाबता साठवायचं तर सेकंदाला जवळपास ६०० मेगाबिट लागतात. दोन तासांच्या चित्रपटाला ५३७ जीबी. ब्लू-रेवर चित्रासाठी कमाल ४० मेगाबिटची मुभा आहे. म्हणून एमपीईजी-२, व्हीसी-१ किंवा एच.२६४ ने ते दाबतात. सरासरी ३० मेगाबिट धरली तर दोन तासांचे २७ जीबी होतात. एका थरात मावत नाहीत, म्हणून बहुतेक मोठे चित्रपट ५० जीबीच्या चकतीवर येतात.

अल्ट्रा एचडी ब्लू-रेत लेझर आणि भिंग तेच आहे. ठिपका आणखी लहान होऊ शकत नव्हता, म्हणून खाचाच आखूड केल्या, सुमारे ०.११२ मायक्रॉनच्या, आणि वाचण्याचा भार सर्किटवर टाकला. एका थरात ३३ जीबी, चकतीवर ६६ किंवा १०० (काही चकत्या जुन्याच घनतेच्या, ५० जीबीच्याही असतात). जुना ब्लू-रे प्लेअर अशी दाट चकती वाचत नाही ते यामुळे. चित्र ३८४० गुणिले २१६०, दाबायला एचईव्हीसी, वेग कमाल १२८ मेगाबिट. मला विचाराल तर पिक्सेल चौपट झाल्यापेक्षा एचडीआर (उजेड आणि अंधार यांतला मोठा फरक दाखवण्याची सोय) आणि १० बिटांचा रंग यांचा फरक डोळ्यांना जास्त जाणवतो. कित्येक चित्रपटांचं मूळ संकलन तर २के मध्येच, म्हणजे सुमारे दोन हजार पिक्सेल रुंदीतच, झालेलं असतं.

संगणकात चकती उघडली की बीडीएमव्ही नावाचं फोल्डर दिसतं. त्यातल्या स्ट्रीम फोल्डरमध्ये चित्र-आवाजाच्या मोठ्या फायली असतात आणि प्लेलिस्टमध्ये त्या कुठल्या क्रमाने लावायच्या ते लिहिलेलं असतं. अनेकदा एका चित्रपटाचे दोन कट एकाच चकतीवर असतात, आणि फायली मात्र एकदाच साठवलेल्या. फक्त प्लेलिस्ट दोन.

या फायली कुलूपबंद असतात. चकतीवरच्या एका तक्त्यात प्लेअर आपली किल्ली लावतो, त्यातून दुसरी किल्ली निघते, तिने तिसरी. एखाद्या प्लेअरची किल्ली फुटली तर पुढच्या चकत्यांच्या तक्त्यातून ती वगळतात. याचा व्यवहारातला अर्थ असा: जुन्या चकत्या चालतात आणि नवीच आणलेली चालत नाही, तर चकती परत करण्याआधी प्लेअरचं फर्मवेअर अद्ययावत करून बघा. ब्लू-रेला ए, बी, सी असे तीन प्रदेश आहेत, अल्ट्रा एचडीला प्रदेशाचं बंधन नाही. संगणकावर अल्ट्रा एचडी बघायचा विचार असेल तर तो सोडलेला बरा. अधिकृत सॉफ्टवेअरला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सोय लागत असे, आणि डेस्कटॉपच्या ११व्या पिढीपासून इंटेलने तीच काढून टाकली.

सहावी पायरी: प्लेअर नीट लावणं

सेटिंगमध्ये २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) आउटपुट चालू करा, नाहीतर कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळतं. टीव्हीमधली हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि जादा शार्पनेस बंद करा.

आवाजात मात्र एक खोच आहे. प्लेअरमध्ये दुय्यम आवाज किंवा ऑडिओ मिक्स नावाचा पर्याय असतो. तो मेनूच्या टिकटिकीसाठी आणि चालू चित्रपटावरच्या टिपणीसाठी असतो, आणि अनेकदा कारखान्यातूनच चालू येतो. तो चालू असला की डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हा उच्च प्रतीचा आवाज बाहेर पडत नाही, दाबलेला साधा आवाज जातो. मी वर्षभर ॲम्प्लिफायरच्या पट्टीवर नुसतं डीटीएस वाचत होतो आणि दोष केबलला देत होतो. तो पर्याय बंद करा, आउटपुट बिटस्ट्रीमवर (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवण्यावर) ठेवा. ऑप्टिकल केबलमधून हे आवाज जातच नाहीत. एचडीएमआय हवी, आणि टीव्हीमार्गे नेत असाल तर टीव्हीत ईआर्क (एचडीएमआयमधून आवाज परत पाठवण्याची सोय).

सातवी पायरी: बिघाड कुठला ते ओळखणं

डीव्हीडी चालते, ब्लू-रे एकही चालत नाही: दोन्हींचे लेझर वेगळे असतात. जांभळा लेझर क्षीण झाला असेल, किंवा भिंगावर धूळ बसली असेल.

एकच चकती ठरावीक जागी अडकते: दोष चकतीत. सुरुवातीलाच अडकत असेल तर आतल्या कडेजवळ शोधा. दोन थरांची चकती मध्यावर अडकत असेल तर बाहेरची कड बघा, कारण थर बदलतो तो तिथेच. बोटांचे ठसे नेमके तिथेच असतात.

ठसा इतका का नडतो, तेही त्या ०.१ मिमीवरूनच. डीव्हीडीच्या पृष्ठभागावर किरण अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बारीक कण त्याचा थोडासाच भाग अडवतो. ब्लू-रेच्या पृष्ठभागावर तोच किरण सुमारे ०.१३ मिमीचा, म्हणजे तोच कण बराच प्रकाश गिळतो. यावर उपाय म्हणून पृष्ठभागावर टणक लेप देतात. त्यामुळे ब्लू-रेवर ओरखडे सहज उठत नाहीत, पण उठले तर काढता येत नाहीत. डीव्हीडी घासून चकचकीत करणारी यंत्रं ब्लू-रेला लावू नका, लेप जाईल आणि चकतीही. टूथपेस्ट तर नाहीच. चष्म्याचं मऊ कापड, लागलं तर किंचित पाणी, आतून बाहेर.

आठवी पायरी: स्वतः लिहायची असेल तर

कोऱ्या बीडी-आर (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रे चकत्या) दोन जातीच्या मिळतात. एचटीएल प्रकारात धातूसारखा अजैविक थर असतो आणि एलटीएच मध्ये सीडी-आर सारखा सेंद्रिय रंगद्रव्याचा थर. वेष्टनावर एलटीएच लिहिलेलं असलं तर घेऊ नका. माझ्या एका जुन्या प्लेअरने तसली चकती ओळखलीच नव्हती, आणि घरगुती चित्रीकरणाची एकुलती एक प्रत तिच्यावरच होती. ती दुसऱ्या ड्राइव्हवर निघाली, पण तोवर झोप उडाली होती.

२५ जीबीच्या चकतीवर २५,०२,५३,१४,८१६ बाइट मावतात, आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजत असेल तर तो २३.३ दाखवतो. त्यामुळे फायली २४ दिसल्या तर त्या मावणार नाहीत. शेवटचे काही शेकडो एमबी मोकळे सोडा, बाहेरच्या कडेला लेखन सर्वांत कच्चं होतं. लिहून झाल्यावर पडताळणी चालू ठेवा, वेळ दुप्पट लागला तरी. वर कागदी लेबल चिकटवू नका, तोल जातो.

कोऱ्या चकत्यांचं उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. महत्त्वाचं काही यावर ठेवलं असेल तर चकत्यांसोबत एक चालू ड्राइव्हही जपून ठेवा, आणि वर्षातून एकदा प्रत्येक चकती पूर्ण वाचून घ्या. फायलींच्या चेकसमची (फाइल बदलली का ते ओळखायच्या आकड्यांची) यादी त्याच खोक्यात कागदावर छापून ठेवली, तर ताडून बघणं सोपं जातं.